त्याच्याकडे शब्द नव्हते

स्वतःला शोधायला निघालेल्या माणसांचे सिनेमे मी आजवर निदान तीस तरी ऐकले असतील. ऐकले म्हणते, कारण माझं कामच ऐकण्याचं आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्याच्या तळाशी जी अक्षरं येतात ती मी लिहिते. कोण काय बोललं, दार आपटलं, लांब कुठे कुत्रं भुंकलं, संगीत थांबलं. स्टुडिओत आम्ही सगळ्यालाच सबटायटल म्हणतो. आमच्या सरांचा नियम एकच. जे ऐकू येतं ते लिहायचं, पदरचं घालायचं नाही, आणि ऐकलेलं गाळायचं नाही.

हे सिनेमे सगळे एका साच्यातले. कुणाचं लग्न मोडतं, कुणाचा नोकरीत जीव रमेनासा होतो. मग ते माणूस भली मोठी बॅग भरतं आणि निघतं. वाटेत डोंगर लागतो, समुद्र लागतो, एखादा म्हातारा होडीवाला भेटतो आणि एकच वाक्य बोलतो. ते ऐकून आपलं माणूस ढसाढसा रडतं, शहाणं होतं आणि घरी येतं. होडीवाला राहतो तिथेच. त्या दिवशी त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं का, त्याची पाठ दुखत होती का, कुणी विचारत नाही. मला याचा कधी राग आला नव्हता. ऐकायचं, लिहायचं, चहा प्यायचा, पुढची फाईल घ्यायची. राग आला तो मॅडमची फाईल आली तेव्हा.

मॅडम म्हणजे कोण ते सांगते. माझे बाबा भाड्याची गाडी चालवतात. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून फोन आला की निघतात, लांबच्या सहली असल्या की पंधरा पंधरा दिवस घरी नसतात. दोन वर्षांपूर्वी सिनेमे काढणाऱ्या एका बाईंनी त्यांना गाडीसकट बावीस दिवसांसाठी नेलं. बाई नवऱ्यापासून नुकत्याच वेगळ्या झाल्या होत्या आणि डोंगरातून फिरत फिरत स्वतःवरच सिनेमा करणार होत्या. गाडीत तिघंच, बाई, कॅमेरावाला आणि बाबा. बाबा त्यांना मॅडम म्हणायचे, म्हणून आमच्या घरातही त्या मॅडमच झाल्या.

त्या बावीस दिवसांतल्या चौदाव्या दिवशी माझी आजी गेली.

आजी असायची काकांकडे, बाबांच्या थोरल्या भावाकडे. काका घड्याळं दुरुस्त करतात. कमी बोलणारा, तोलून बोलणारा माणूस. त्यांनी सकाळीच बाबांना फोन लावला. काकांचं म्हणणं असं, की फोन लागला, मी ‘आई गेली’ म्हणालो आणि तो ‘निघतो’ म्हणाला. त्या एका शब्दावर काकांनी दीड दिवस सगळं थांबवून धरलं. येणारे जाणारे विचारत होते, अजून किती वेळ? काका म्हणत होते, निघालाय तो, मला स्वतः म्हणाला. शेवटी थांबता येईना, तेव्हा बाबांशिवायच आजीला पोचवलं. बाबा आले ते आठ दिवसांनी.

काकांनी दारातच विचारलं, “निघतो म्हणाला होतास ना?”

“दादा, घाटात रेंजच नव्हती. फोन नुसता खरखरला आणि कट झाला. मला कळलं ते परत येताना.”

“खोटं बोलतोस.”

तेव्हा मी मध्ये पडले. बाबांचा चेहरा इतका काळवंडला होता की मला बघवेना. मी काकांना म्हणाले, “स्वतःच्या भावाला खोटारडा म्हणताना जीभ कशी रेटते तुमची? तुम्हाला काहीतरी भलतंच ऐकू आलं असेल. कान तपासून घ्या आधी.” सगळ्यांदेखत म्हणाले. काका आत निघून गेले. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद.

दोन वर्षांनी मॅडमचा बाबांना फोन आला. सिनेमा तयार झाला होता. प्रवासात बाबांनी कधीतरी अभिमानाने सांगितलं होतं, की माझी मुलगी सबटायटल लिहिते. ते मॅडमच्या लक्षात होतं. हे काम तुमच्या मुलीलाच देते, म्हणाल्या. बाबांनी फोन ठेवला आणि आईला म्हणाले, “बघ, मोठी माणसं विसरत नाहीत.” शेजारच्या तीन घरांत सांगून आले.

फाईल घेऊन मी दुपारी बसले. पहिला पाऊण तास नेहमीचाच. मॅडम खिडकीतून बाहेर बघतात, मॅडम वहीत लिहितात, मॅडम दगडावर दगड रचतात. बावन्नाव्या मिनिटाला घाटमाथा येतो. ढग फाटतात, मागे बर्फाचं शिखर सोन्यासारखं चमकतं, आणि कॅमेरा वळतो तो गाडीशेजारच्या दगडावर बसलेल्या माझ्या बाबांवर. दोन्ही हातांत तोंड लपवलंय आणि खांदे गदागदा हलतायत. वर व्हायोलिन. त्याच्यावर मॅडमचा आवाज: “त्या शिखरासमोर आमचा ड्रायव्हरही विरघळला. आयुष्यभर रस्ते तुडवणारा हा साधा माणूस पहिल्यांदाच थांबला होता. त्याच्याकडे शब्द नव्हते. त्या क्षणी मला कळलं, स्वतःपाशी पोचायचं तर मलाही असंच रडता यायला हवं.”

बाबांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. भोळसटासारखं वाटलं, किती सुंदर असेल तो डोंगर.

मग व्हायोलिनच्या खाली काहीतरी ऐकू आलं. कुणीतरी बोलत होतं. मागे नेलं, परत ऐकलं. दुसऱ्या कुणाला ती नुसती पुटपुट वाटली असती. पण तो घोगरा आवाज पहाटे गाडी काढताना ‘येतो गं’ म्हणतो, माझ्या जन्मापासून म्हणतोय. मी मॅडमच्या मदतनिसाला फोन केला, म्हटलं एका ठिकाणी बोलणं नीट कळत नाही, मूळ आवाजाची फाईल पाठवा. अशी मागणी नेहमीचीच, त्याने दहा मिनिटांत पाठवली. गाडीतल्या गप्पा घेता याव्यात म्हणून बाबांच्या कॉलरला तेव्हा माईक लावलेला असायचा. व्हायोलिन काढून टाकल्यावर सगळं स्वच्छ ऐकू आलं.

“मॅडम, दादाचा फोन होता. माझी आई गेली.”

“अरे देवा. कधी?”

“सकाळी. गाडी वळवू द्या मॅडम. आत्ता निघालो तर उद्या संध्याकाळी पोचतो. ते थांबलेत माझ्यासाठी.”

मग बराच वेळ नुसता वारा.

“हे बघा, मला कळतंय. माझे वडील गेले तेव्हा मीही लांबच होते. पण असा उजेड परत मिळायचा नाही. दोनच दिवस. मग आपण थेट निघू.”

“मॅडम, आई आहे हो.”

“दोन दिवस. प्लीज.” आणि मग जरा लांबून, कॅमेरावाल्याला: “चालू आहे ना? चालू ठेव.”

चालू ठेव!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेडफोन काढून मी टेबलावर असे आदळले की शेजारच्या खोलीतून सर बघायला आले. त्या बाईने माझ्या बाबांचं आईसाठीचं रडणं घेतलं आणि डोंगराला वाहिलं. वर म्हणते शब्द नव्हते. शब्द होते! शब्दांवर व्हायोलिन घातलं तिने. स्वतःला शोधायला एवढ्या लांब गेली आणि समोर बसलेला माणूस दिसला नाही. का दिसत नव्हता? चांगला दिसत होता. म्हणून तर म्हणाली, चालू ठेव.

आणि मग काका आठवले. ते रागापेक्षा वाईट होतं.

संध्याकाळी बाबा अंगणात गाडी धूत होते. मी पाईपचा नळ बंद केला.

“घाटात रेंज होती,” मी म्हणाले.

त्यांनी पाईपकडे बघितलं. “काय?”

“रेंज होती. काकांचा फोन लागला होता. तुमच्या कॉलरला माईक होता बाबा. मी सगळं ऐकलं.”

बाबा फडकं पिळत राहिले. पाणी संपलं तरी पिळत राहिले. मग एकदम चिडले. “तुला कुणी सांगितलं होतं ऐकायला? दिलंय तेवढं काम करावं माणसाने!”

“तेच करतेय. आणि दोन दिवसांचं काय झालं? आठ दिवसांनी आलात.”

“दोनाचे चार झाले. ढग होते. मग मी परत विचारलं, तर म्हणाल्या, आता तर सगळं झालंच असेल ना.”

“आणि तुम्ही ऐकून घेतलंत?”

“नोकरी आहे ती. सांगतील तिकडे गाडी न्यायची असते.”

“मी काकांना कान तपासायला सांगितलं, बाबा. तुम्ही शेजारी उभे होतात. गप्प बसलात.”

त्यांनी नळ उघडला आणि परत गाडी धुवायला लागले. धुतलेलीच गाडी. मी आत जायला वळले तेव्हा मागून म्हणाले, “ते लिहू नकोस. दादाला कळेल.”

मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचं तर आपटून वाढायचं. आईने दोनदा विचारलं काय बिनसलंय, मी तिलाही तोडून बोलले. पाचव्या दिवशी सरांच्या खोलीत गेले.

“सर, संगीताच्या खाली बोलणं असेल तर लिहायचं का?”

“ऐकू येतं का?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“मला येतं.”

“मग लिही की. नवीन आहेस का तू?”

मी लिहिलं. अक्षरन् अक्षर लिहिलं. ड्रायव्हर असं म्हणतो, दिग्दर्शिका असं म्हणते. वरच्या ओळीत ‘त्याच्याकडे शब्द नव्हते’, खालच्या ओळीत ‘मॅडम, आई आहे हो’. शेवटचं ‘चालू ठेव’सुद्धा. एकही काना मात्रा चुकू दिला नाही. बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि नाही म्हणायचा हक्क त्यांचाच होता, हे मला त्या वेळीही कळत होतं. तरी पाठवून दिलं, आणि तिकडे ते कुणी उघडून वाचलं नाही.

महिन्याभराने कर्णबधिरांच्या एका संस्थेने सिनेमाचा खास खेळ ठेवला. रविवारी दुपारी, त्यांच्याच हॉलमध्ये. मॅडमनी बाबांना आग्रहाचं आमंत्रण दिलं. बाबांनी लग्नकार्याला घालतात तो शर्ट घातला आणि माझ्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसले. मला वाटलं होतं की सांगावं. अगदी दिवे मालवेपर्यंत वाटत होतं. मी मूग गिळून बसले.

बावन्नावं मिनिट आलं. अक्षरं उमटली. बाबांनी ती वाचली. ते सावकाश वाचतात, ओठ हलवत. ‘आई गेली’पाशी त्यांचे ओठ थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. खुर्चीचा दांडा तेवढा घट्ट धरला.

मग हॉलमध्ये हालचाल सुरू झाली. आवाज नाही, हात. पहिल्या रांगेत एकाने शेजारणीला खूण केली, तिने मागे वळून केली, आणि बघता बघता अख्ख्या हॉलमध्ये पडद्याच्या उजेडात हात हलायला लागले. सिनेमा पुढे गेला, मॅडम कुठल्याशा तळ्याकाठी स्वतःला माफ करत होत्या, पण तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मॅडम आल्या त्या शेवटी, चर्चेपुरत्या. हसतमुखाने मंचावर चढल्या. शेजारी खुणांची भाषा बोलून दाखवणारी दुभाषी उभी होती. मॅडम म्हणाल्या, “माझ्या या प्रवासाचे साक्षीदार, आमचे ड्रायव्हरकाका, आज इथे आहेत. उभे राहा ना काका!”

बाबा उभे राहिले नाहीत.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. नंतर कळलं, त्या शिवणकाम करतात. त्यांनी हात हलवले आणि दुभाषीने विचारलं, “ते घरी वेळेवर पोचले का?”

“कोण?” मॅडम हसल्या.

“ड्रायव्हर. त्यांची आई गेली होती. तुम्ही म्हणालात दोन दिवस थांबा. पोचले का ते?”

मॅडमचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यातला जीव गेला. “हे कुठून काढलं तुम्ही?”

“पडद्यावर लिहिलं होतं.”

“नाही, नाही. ते सबटायटलवाल्यांनी काहीतरी घोळ घातलाय. तपासायला हवं.”

मी उभी राहिले. “घोळ नाही. मी लिहिलंय ते. तुमच्याच सिनेमात ऐकू येतं.”

“तू? अगं, मी विश्वासाने काम दिलं तुला!” मग लोकांकडे वळून, हात जोडून म्हणाल्या, “त्या काळात मी स्वतःच इतकी मोडून पडले होते, की मला दुसऱ्या कुणाचं दुःख पेलवतच नव्हतं. तोच तर माझा प्रवास आहे...” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं ते, मी नाही म्हणत नाही. पण मला ते बघून इतकी तिडीक आली, की पुढे होऊन त्यांच्या हातातला माईक हिसकावून घ्यावा असं वाटलं.

शिवणकामवाल्या बाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी परत हात हलवले. दुभाषी जरा अडखळली, मग बोलली. “तुम्ही रडताय ते दिसतंय. पण माझा प्रश्न राहिलाय.”

तेव्हा बाबा उठले.

“नाही पोचलो,” ते म्हणाले. दुभाषीने हात हलवेपर्यंत थांबले, मग पुढे बोलले. “आठ दिवसांनी पोचलो. या म्हणतात पेलवत नव्हतं. मी त्यांना दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाल्या. त्या डोंगराकडे मी बघितलंसुद्धा नाही. आणि घरी येऊन खोटं बोललो, की निरोप मिळाला नाही. भाऊ खरं बोलत होता, त्याला खोटा पाडला.” श्वास घेतला. “गाडी मी चालवत होतो. किल्ली माझ्या हातात होती. वळवता आली असती. त्यांनी नाही म्हटलं, पण वळवली मी नाही.”

मॅडम म्हणाल्या, “काका, आपण हे बाहेर बोलू या ना.”

“मी काका नाही तुमचा,” बाबा म्हणाले आणि चालू लागले. त्या हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवत नाही. मागे वळून बघितलं तर शंभरेक माणसं नुसती उभी होती.

पुढे काय झालं विचाराल, तर मॅडमचं फार काही बिघडलं नाही. आठवड्याच्या आत नवीन सबटायटल आली, दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेली. त्या जागी आता लिहिलंय: ‘वाऱ्याचा आवाज’. तसाच तो सिनेमा सगळीकडे फिरला, बक्षीसही मिळालं. बक्षीस घेताना त्या म्हणाल्या, की या प्रवासाने मला ऐकायला शिकवलं. सरांनी मला कामावरून काढलं नाही. खोलीत बोलावून म्हणाले, “तू नियम मोडला नाहीस. पण तू कुणाची मुलगी ते मला आधी सांगायला हवं होतंस.” हे त्यांचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला त्यांचाही राग आला.

त्या खेळानंतरच्या रविवारी बाबा म्हणाले, “दादाकडे जायचंय. येतेस?”

काका दुकानात होते. डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते. बाबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. काकांनी भिंग काढलं नाही. चिमट्यात एक चाक धरलेलं होतं, ते तसंच हवेत.

“मला माहीत होतं,” काका म्हणाले. “मला सांगायला आलास? दीड दिवस मी लोकांना सांगत होतो, निघालाय. लोकांनी मला वेड्यात काढलं. पुढे दोन वर्षं मीच विचार करत बसलो, की मला खरंच भास झाला का. आई गेली त्या सकाळचंच मला नीट आठवत नाही असं वाटायला लागलं. ती सकाळसुद्धा तू घेतलीस माझी.”

“दादा...”

“जा तू.”

मी म्हणाले, “काका, मी तुम्हाला तेव्हा जे बोलले...”

“तू लहान आहेस,” ते म्हणाले. “पण बोललीस ते लागलं होतं.” आणि परत चाकाकडे वळले. आम्हाला बसा म्हणाले नाहीत.

परतताना बाबा गाडी चालवत होते. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना गोदामं सुरू झाली. मला वाटलं होतं काकांकडे जाऊन आल्यावर काहीतरी हलकं होईल. उलट सगळं वर आलं. मी बोलायला लागले. आधी मॅडमना, मग त्या कॅमेरावाल्याला, त्यानेही तर ऐकलं होतं ना सगळं. मग बाबांना. तुम्ही मला खोट्याची वकिली करायला लावलीत. आजी वाट बघत नव्हती, मान्य, पण काका बघत होते. मोठी माणसं विसरत नाहीत म्हणे! फोन आला तर केवढे हरखलात, त्याच बाईचा फोन! लाज नाही वाटली?

बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मी ओरडत राहिले. एका गोदामाचा रखवालदार उठून बघायला लागला, मग परत खुर्चीत बसला. किती वेळ झाला कोण जाणे. आवाज बसला तेव्हा थांबले.

“झालं?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“मग बोल,” ते म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.